तार आणि कापूस

बोलताना वहिनींची दोन बोटं कधी स्वस्थ नसत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत त्या हवेतच काहीतरी वळत राहायच्या आणि बोलणं संपवताना हमखास म्हणायच्या, "सैल नको, घट्ट नको." पोळीची कणीक असो, खिडकीचा पडदा असो की कोणाच्या घरातलं नवरा-बायकोचं भांडण, निकाल ठरलेला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळ्या जगासाठी एकच वाक्य पुरतं. आमच्या वहिनींना ते पुरलं नाही.

हूफडॉर्प या डच गावात आमची घरं एकमेकांना चिकटून होती. मागच्या अंगणांच्या मधे छातीएवढं लाकडी कुंपण. त्यांच्या यजमानांना मी दादा म्हणायचो, म्हणून त्या वहिनी, आणि जुन्या रीतीने मी त्यांचा 'भावजी'. दादा एका बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर होते. वहिनी घरी. लग्नानंतर त्या भोसरीच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइल वाइंडिंगच्या विभागात होत्या. तारेचा एखादा वेढा चुकला की त्यांना नुसत्या नजरेने कळायचं, असं दादाच कौतुकाने सांगत. मग दादांना इथली नोकरी मिळाली आणि भोसरी सुटली. वहिनींनी डचचे वर्ग केले, अर्ज केले, दोन-तीन मुलाखतीही दिल्या. पुढे ते सगळं हळूहळू बंद पडलं. मूलबाळ नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना पातेली भरभरून मसालेभात करणं एवढंच काम हातांना उरलं, आणि त्या भाताबद्दलही आभार मानले जायचे ते दादांचे.

दादा कॉलेजपासून सिगरेट ओढत. करोनाच्या आदल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, स्वच्छ सांगितलं की सिगरेट सुटली नाही तर पुढच्या वेळची हमी नाही. दादांनी गोळ्या घेतल्या, दंडाला पट्ट्या चिकटवल्या, च्युइंगगम चघळलं आणि शेवटी ई-सिगरेटवर येऊन टेकले. खरी सिगरेट थांबली. वहिनींना तेवढं पुरे होतं. त्या रात्री शांत झोपू लागल्या, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

मग करोना आला आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस कडक लॉकडाउन लागला. व्हेपचं, म्हणजे ई-सिगरेटचं, दुकान बंद झालं. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या पोटात तारेची एक इवलीशी कॉइल असते आणि तिच्यातून कापसाची वात ओवलेली असते. वात निकोटिनचा रस शोषते, तार तापते, रसाची वाफ होते. दादा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून इतकं ओढायचे की विकतची कॉइल चार दिवसांत करपायची. पोस्टाने मागवलेल्या कॉइल वेळेवर येतील तर शपथ. सिगरेटची पाकिटं मात्र सुपरमार्केटच्या काउंटरवर खुशाल मिळत होती, कारण सुपरमार्केट जीवनावश्यक. एके दिवशी वहिनींनी दादांना बसस्टॉपवर पाहिलं. मास्क हनुवटीखाली ओढून ते एका अनोळखी माणसाकडे सिगरेट मागत होते. त्याच संध्याकाळी कुंपणाशी येऊन त्या मला म्हणाल्या की आता कॉइल घरीच करायची.

त्यांनी तारेचं रीळ मागवलं, पिशवीभर कापूस मागवला आणि आतली तार बदलता येईल अशी रसाची टाकी मागवली. पहिली कॉइल त्यांनी अंगणातल्या टेबलावर, छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीभोवती वळली. वेढ्याला वेढा लागून, मधे केसाचीही फट नाही. मग टाकीत बसवून त्यांनी बटण दाबलं. तार लाल व्हायला लागली. एका टोकाकडून आधी तापतेय हे बघून त्यांनी तिथे चिमट्याने हलकेच दाबलं आणि पुन्हा बटण दाबलं. आता ती बरोबर मधून उजळली.

"किती वर्षांनी हातात तार आली, भावजी," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या.

आपल्या कामावर परत आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी तेव्हा पाहिलं. एवढं कसब नवऱ्याच्या वाफेपायी खर्ची पडतंय याचा मला राग आला. त्यांना नाही आला.

कापसाने मात्र त्यांची फजिती केली. लहानपणापासून देवाच्या वाती वळलेला हात तो. वातीचं टोक नीट वळावं म्हणून आपल्याकडे बोटं दुधात बुडवतात, तशी वहिनींनी सवयीने बुडवली. दादांनी पहिला झुरका घेतला आणि घरभर दूध करपल्याचा वास सुटला. खोकत खोकत अंगणात आले आणि मला म्हणाले, "हिने माझ्या छातीत बासुंदी आटवायला ठेवलीय." त्यानंतर दूध बंद झालं. पुढचे काही आठवडे वहिनी नुसता कापूस ओवत आणि काढत होत्या. सैल राहिला तर रस गळायचा, घट्ट बसला तर रस पोचायचा नाही आणि कापूस कोरडा जळायचा. त्यांचं ते वाक्य तेव्हा जन्माला आलं.

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. लोकांना लॉकडाउनमध्ये दुसरं काम काय होतं? नवऱ्याला स्वतःच्या हाताने विष भरून देणारी बाई, असं एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने माझ्या बायकोला, आणि ते वहिनींपर्यंतही पोचलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ते घेणारच आहेत. माझ्या हातचं घेतात तोवर मला कमी तरी करता येतं."

आणि त्या कमी करत होत्या. रसही आता घरीच कालवला जाई. त्यातल्या निकोटिनचा आकडा बाटलीवर लिहिलेला असतो. वहिनींनी बाटलीवरचा आकडा दादांना सांगून बारावरून सहावर आणला आणि तिथेच ठेवला, आतला मात्र उतरवत नेला. हे मला कळण्याचं कारण म्हणजे बिननिकोटिनच्या रसाची पार्सलं त्या आमच्या पत्त्यावर मागवायच्या. मधूनमधून दादा चिडचिड करत, चहाचा कप आपटत आणि आज मीटिंग फार झाल्या म्हणत. वहिनी मान डोलवत आणि एखादा आठवडा हात आवरता घेत. मग पुन्हा थोडं खाली. बारा वर्षं कॉन्फरन्स कॉलवर माणसं सांभाळणाऱ्या दादांना घरात कोण आपल्याला सांभाळतंय याचा पत्ता नव्हता.

जूनमध्ये एका संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "सुटली. यांना माहीत नाही, पण सुटली." दोन्ही हात त्यांनी कुंपणावर ठेवले होते आणि बोटं मुळीच हलत नव्हती. दादांना सांगणार का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की कशाला, सुटल्याशी मतलब. दादा त्या उन्हाळ्यात कालव्याच्या कडेने रोज चालायला जायचे. आल्यावर त्यांना धाप लागलेली नसायची.

सप्टेंबरमध्ये निर्बंध सैल झाले आणि त्यांच्याकडे गणपतीला माणसं जमली. दीड वर्षाने सगळे एका खोलीत. आरती झाली आणि दादा रंगात आले. चार तरुण मुलांना गाठून, यंत्र हातात नाचवत त्यांचं व्याख्यान सुरू झालं. सगळा माइंडसेटचा खेळ आहे म्हणाले. बारावरून सहावर आलो ते निव्वळ इच्छाशक्तीच्या जोरावर, डिसेंबरपर्यंत शून्य करून दाखवतो, डॉक्टरची गरज नाही आणि कोणाचीच नाही. बायको काय, ते कापूसबिपूस भरून देते म्हणाले.

वहिनी मोदकांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

"अहो, जूनपासून त्यात काहीच नाहीये," त्या म्हणाल्या. "शून्यच आहे. तुम्ही सोडलीत कधीच."

त्या स्वरात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. परीक्षेचा निकाल सांगावा तसा आवाज होता. नवऱ्याला आनंद होईल असंच त्यांना वाटलं होतं. खोली हसण्याने भरून गेली. कोणीतरी म्हणालं, दादा, इतके महिने तुम्ही बाळाची चोखणी चोखत होतात की. सगळ्यांत मोठ्याने दादाच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून खऱ्या सिगरेटचा वास आला. दादा आमच्याकडे पाठ करून ओढत होते. वहिनींनी माफी मागितली. आतून त्यांचा आवाज येत होता. निकोटिन परत घालते, तुम्ही सांगाल तेवढं घालते, पण हे नको, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दादांनी उत्तर दिलं ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने: "माझ्या घरात मी काय ओढायचं, ते मी ठरवणार."

सुटलेलं व्यसन परत लावून घेणं सोपं नसतं. पहिले काही दिवस त्यांना सिगरेट सोसत नव्हती. डोळ्यांत पाणी यायचं, खोकला थांबायचा नाही, तरी ते नेटाने ओढत राहिले. इच्छाशक्ती दांडगी होती, त्यात वाद नाही. वहिनींनी केलेली नवी कॉइल आणि ते यंत्र त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यांच्या मागच्या अंगणात वहिनी नंतर फारशा दिसल्या नाहीत.

हिवाळ्यात एका सकाळी दादा सायकल बाहेर काढताना दारातच कोसळले. ॲम्ब्युलन्स लगेच आली, पण उपयोग झाला नाही. करोनामुळे अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं होती. वहिनी खुर्चीत ताठ बसून होत्या.

आणि मग आमच्या मंडळाने आपली खरी कर्तबगारी दाखवली. घरी तारा जोडून काहीबाही ओढायला लावायची, त्यातूनच झालं असणार, असं लोक बोलू लागले. पुण्याहून दिरांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं की त्या बाटल्यांत नक्की काय होतं. गणपतीत पोट धरून हसलेल्या माणसांना जूनपासूनचं ते शून्य आता कोणालाच आठवत नव्हतं. वहिनींनी दिरांना काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. माझ्या बायकोला त्या एवढंच म्हणाल्या, "जन्मभर वाक्यं गिळली गं. एक गिळायचं राहिलं."

मंडळाने ऑनलाइन श्रद्धांजली सभा ठेवली. पडद्यावर आम्ही सगळे चौकोनाचौकोनात बसलो. अध्यक्षांचं भाषण झालं. दादांसारखा मनोनिग्रह क्वचित बघायला मिळतो, म्हणाले. केवळ इच्छाशक्तीच्या बळावर निकोटिन शून्यावर आणून दाखवलेला माणूस, म्हणाले. म्हणजे आठवत होतं सगळ्यांना. कामापुरतं आठवत होतं. मला संताप आवरेना. मी सांगू का सगळ्यांना, असं मी वहिनींना मेसेज करून विचारलं. त्यांनी चौकोनात मान खाली घातलेली दिसली आणि उत्तर आलं, 'नको.' शेवटी अध्यक्षांनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली, तेव्हा त्यांनी फक्त हात जोडले.

त्याच आठवड्यात त्या पुण्याला परत गेल्या. स्किपोल विमानतळावर मीच सोडायला गेलो. दारापाशी त्यांची बॅग उतरवून दिली, तशा त्या क्षणभर थांबल्या.

"भावजी, परवा सभेत मी काही बोलले नाही ना?"

"नाही, वहिनी."

"बरं झालं. चारचौघांत बोललेलं यांना आवडत नाही," त्या म्हणाल्या आणि बॅग ओढत आत गेल्या.