सगळ्यांनी उताणं झोपावं

सुमन, माझी बायको, जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसलोच नाही. दवाखान्यात डॉक्टरले शोध, चादर बदलून घे, नर्सशी भांड... तिनं हात धरला, "बसा न हो जरा. किती फिरून राहिले?" मी म्हटलं, "हव, औषध घेऊन येतो." आलो तेव्हा तिचा डोळा लागला होता. मग बोलणं झालंच नाही.

मी सातवी शिकलेला, बीरगांवले कारखान्यात फिटर होतो. सुमन तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांना आसनं शिकवायची. मले वाटे, हा पोट कमी करायचा उद्योग आहे. एकदा वृक्षासनात तिच्याशी शर्यत लावली. ती डगमगली, मी एका पायावर उभाच! "जिंकलो!" म्हणून ओरडलो. ती हसतच सुटली. "काय जिंकले? सारा वेळ माझ्याच पायाकडे पाहून राहिले होते. अहो, अंग गप्प करायचं ते आत कोण बोलून राहिलं हे ऐकायसाठी." मी म्हटलं, "आत भूक बोलून राहिली. पोहे कर."

ती गेल्यावरही माझं तेच. मंडप, तेरवी, कागदपत्रं... पोरगी म्हणे, "बाबा, तुम्ही रडले तरी का?" रडायले फुरसत कोणाले होती?

मग मंडळात शोकसभा झाली. दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं, तर सुमनची शिष्या पिंकी उठली. "काकाजी, काकी को खड़े-खड़े मौन पसंद नहीं था. हम शवासन करेंगे." अन् पांढऱ्या कपड्यांतली सारी माणसं सतरंजीवर उताणी! अध्यक्षांचं पोट तर डोंगरासारखं वर आलेलं. मले हसू फुटलं. पिंकीनं डोळे वटारले, "लेटिए, काकाजी."

झोपलो. हातांना काम नाही, पायांना काम नाही, पळायले जागा नाही. सुमन आता नाही, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं... उताण्या माणसाचं रडू गालावर येत नाही, कानात जाते, हे मले बहात्तराव्या वर्षी कळलं.

सुमनचा वर्ग आता पिंकी घेते. मी रोज सकाळी जातो. बायकांच्या मागं, शेवटच्या रांगेत माझी जागा ठरली आहे. आसनं धड एक जमत नाही, बायका खुदखुदतात, मीही हसतो. शवासन मात्र पूर्ण करतो. संपलं की पिंकी रुमाल पुढं करते, अन् मी कान पुसतो.