नखांतला गेरू
ऑइलपेंटचा वास आला की मला नागझिऱ्याच्या रस्त्यावरचं आमचं मातीचं घर आठवतं आणि तोंड कडू होतं. दिवाळी तोंडावर होती. मोठ्या आईने दर्शनी भिंत छुईच्या पांढऱ्या मातीने पोतली होती आणि खालच्या ओल्या गेरूत बोटं फिरवून नागमोडी रेघा ओढल्या होत्या. ती धान कापायला बांधीत गेली आणि मागून पर्यटकांसाठी गाव सजवणारी शहरातली मंडळी आली. आम्हाला कोणी विचारलंच नाही. ती परतली तेव्हा भिंतभर तांबडा ऑइलपेंट होता आणि त्यावर पांढऱ्या काड्यांची माणसं फेर धरून नाचत होती, थेट पालघरकडच्या वारली चित्रांतली. "हे कोन होत जी? आमच्यात तं असं कोनी नाचत नाई," ती म्हणाली. ब्रश धुणारी मुलगी हसली, "मावशी, ही आदिवासी कला आहे." "अन् मी काढलं होतं ते कायले बुजवलं?" "ते नुसतं पोतणं होतं ना!" मग तिलाच त्या भिंतीपुढे उभं केलं. नखांत गेरू होता, म्हणून फोटोसाठी हात मागे घ्यायला लावले. पुढच्या पावसाळ्यात तो पेंट मातीचे पोपडे घेऊनच गळून पडला. मोठी आईही आता नाही. परवा एका रिसॉर्टमध्ये तो फोटो मोठा करून लावलेला दिसला. खाली लिहिलंय, ‘स्थानिक कलावंत, आपल्या चित्रासह’. त्या कलावंताला हातच नाहीत.