टेलिफोनवाली सीट

किल्ली फिरवायच्या आधी भाऊंचा हात मागे यायचा. मान न वळवता, हातात फोन. "ले बहीन, धर. गाडी चाली र्‍हायनी." गाडी अजून जागची हललेलीसुद्धा नसायची!

सुरतेत नवागामहून कापड मार्केटला जाणारी त्यांची शेअर रिक्षा. मागच्या सीटवर मधोमध जो बसेल, त्याच्या ताब्यात तो फोन, उतरेपर्यंत. वाजला तर त्याने उचलायचा, निरोप ऐकायचा, ओरडून सांगायचा आणि भाऊंचं उत्तर पलीकडे पोचवायचं. आम्ही तिला टेलिफोनवाली सीट म्हणायचो. मी मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जाते. चढताना कोपरं मारून मी तीच जागा पकडायचे. का म्हणून विचारता? दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला कोणाला आवडत नाही? तुम्हीही तेच केलं असतं.

भाऊ धुळ्याकडचे. बुटके, पोट सुटलेलं, खाकी शर्टाचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे त्यांची अहिराणी मला सुरुवातीला अर्धीच कळायची. उरलेली अर्धी मी मनाने भरायचे आणि निरोप तस्साच ठोकून द्यायचे.

वहिनींचा फोन रोज यायचा. "भाजी काय करू, विचारा त्यांना." भाऊ म्हणायचे, "तिला सांग, तुला आवडंल ते कर." आता हे काय उत्तर झालं? पुढे पुढे मी विचारणंच सोडलं. "भरीत करा," सांगून मोकळी. सलग चार दिवस त्यांच्या घरी भरीत झालं. पाचव्या दिवशी भाऊ आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बहीन, वांग्याची दलाली घेतलीस का काय?"

एकदा संध्याकाळी परतताना त्या सीटवर एक नवा सुरती गृहस्थ बसला. फोन वाजल्याबरोबर त्याने उचलला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "भाई हमणां बोली शके एम नथी." भाऊ आत्ता बोलू शकत नाहीत, एवढंच. वहिनींनी पुढचं काही ऐकलंच नाही. आम्ही परत नवागामला पोचलो तर अर्धी गल्ली स्टँडवर, मध्ये वहिनी पदर तोंडाला लावून रडतायत. भाऊ उतरले आणि म्हणाले, "अगं, मी जिता शे." त्यावर वहिनींनी त्यांना सगळ्यांसमोर जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला वाटायचं, हा निव्वळ आचरटपणा आहे. दोन मिनिटं बोललं तर काय जग बुडतं? सगळेच तर बोलतात. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. ते नुसते हसायचे.

मग जयूची सोयरीक निघाली. जयू त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगा बारडोलीचा, मूळचे भाऊंच्या खानदेशातलेच लोक, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. भाऊंना स्थळ इतकं आवडलं होतं की महिनाभर रिक्षा शीळ घालत चालवली. साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची होती, आणि त्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा आम्ही बरोबर उड्डाणपुलाच्या मध्यावर होतो. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, थांबायला बोटभर जागा नाही.

"मुलीच्या वडिलांना द्या."

"ते गाडी चालवतायत. पूल उतरले की लावतील," मी म्हणाले.

"मी चौथ्यांदा फोन करतोय. दर वेळी कोणी तरी वेगळंच बोलतं! व्याह्याशी दोन शब्द बोलायला होत नाही यांना?"

हातचं स्थळ जायचं! मी फार विचार केला नाही. वाकले आणि फोन सरळ भाऊंच्या कानाला लावला.

"काढ तो! आधी काढ!" भाऊ असे ओरडले की रिक्षातले सगळे गार पडले. मी हात मागे घेतला. मग पलीकडून, "हे मला म्हणाले का?" आणि फोन बंद.

पूल उतरून भाऊंनी रिक्षा कडेला घेतली, स्वतः फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी उचलेना. मी रडायलाच लागले. मीच घाण केली होती ना! भाऊ शर्टाला हात पुसत बसले. मग म्हणाले, "रडू नको. तुला ठाऊक नाही म्हणून केलंस."

तेव्हा त्यांनी सांगितलं. पूर्वी ते कामरेजकडून कापडाचे ताके आणणारा टेम्पो चालवायचे. असाच फोन वाजला. वहिनींचाच. "उचलला पण नव्हता, बहीन. नुसतं कोनाचं नाव आहे ते पाह्यलं." मान वर केली तोवर एक सायकलवाला चाकाखाली. यंत्रमागावरचा कामगार होता, जेवणाचा डबा घेऊन निघालेला. जीव वाचला, पाय वाचला नाही. "तो डबा रस्त्यावर उघडला होता," भाऊ म्हणाले. "त्यात भरीत होतं." एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि रिक्षा सुरू केली. चार दिवस भरताचा निरोप देणारी मी.

संध्याकाळी मी तोंड पाडून त्यांच्या घरी गेले. वहिनी आणि भाऊ दोघं ओट्यावर बसलेले. जयू चहा घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, मोडलं तर मोडू दे. मुलगा चांगला आहे, पण मोटारसायकलवरून बोलतो माझ्याशी. मागे हॉर्न ऐकू येतात. मला ते ऐकवतसुद्धा नाही."

भाऊंची कपबशी तशीच हातात राहिली. "मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? तुम्हाला फोन केला की मार्केटची अख्खी रिक्षा ऐकते!"

पहिल्या हसल्या त्या वहिनी.

दुसऱ्या दिवशी टेलिफोनवाल्या सीटवर मीच. फोन वाजला. खुद्द नवरदेव! बाबा तापलेत, मी समजूत काढतो, असं काहीसं सांगत होता, आणि मागे पों पों चाललेलं.

"तुम्ही गाडीवर आहात का हो?"

"हो, पण कानात मशीन आहे मावशी. हात मोकळे आहेत."

मी भाऊंना सांगितलं. मान न वळवता ते म्हणाले, "त्याला सांग, तू तुझी गाडी बाजूला लाव, मी माझी लावतो. मग बोलू."

बारडोलीच्या रस्त्यावर एक मोटारसायकल उभी राहिली, सुरतेत एक रिक्षा. भाऊ खाली उतरले आणि झाडाखाली उभे राहून बोलले. सायकलवाल्याचं सगळं सांगितलं त्यांनी, कामरेजपासून डब्यापर्यंत. आम्हा सगळ्यांना त्या दिवशी मार्केटला उशीर झाला, शेठ बोलला. बोलू दे. परत आले तेव्हा भाऊंचे डोळे लाल होते. "पोरगा म्हणाला, पप्पा, बाबांना मी समजावतो." पप्पा म्हणाला! मी पुन्हा रडले, पण या वेळी आनंदाने.

लग्न झालं. पाठवणीला जावई स्वतः गाडी चालवायला बसला, खिशातून फोन काढला आणि काही न बोलता शेजारी जयूच्या ओटीत टाकला. भाऊ तोवर दगडासारखे उभे होते. तिथे मात्र ढसाढसा रडले.

गेल्या दिवाळीत डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून त्यांनी रिक्षा विकली आणि वहिनींना घेऊन गावी गेले. सुखात आहेत. मला मात्र करमत नाही, खरं सांगते.

परवा दुसऱ्या रिक्षात बसले होते. पोरगेला चालक, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबलेला, मान वाकडी. पूल चढत होतो. मी मागून हात पुढे केला.

"द्या तो फोन इकडे."

"बस दो मिनिट, मौसी."

"दे म्हटलं ना! गाडी चाली र्‍हायनी!"

घाबरून दिला बिचाऱ्याने. पलीकडे एक बाईमाणूस. "हॅलो? कोण?"

"मागच्या सीटवरची मावशी बोलतेय. तुमचे हे गाडी चालवतायत. निरोप सांगा."

मग म्हणाली, "काही नाही... भाजी काय करू, विचारत होते."



"भरीत करा," मी म्हणाले. "आणि हे घरी जेवायला येतायत."