बोळे मास्तरांची कांबळी

बोळे मास्तर सिनेमाला जाताना कापसाचे दोन बोळे बरोबर नेत. पडद्यावर नावं सुरू झाली की ते बोळे कानात घालायचे आणि मध्यंतर सोडलं तर शेवटपर्यंत काढायचे नाहीत. शेजारी बसलेल्यांना वाटे, या माणसाला थंडी बाधते. थंडीचा काही संबंध नव्हता. "बोलणं ऐकू आलं की डोळे आळशी होतात," मास्तर म्हणत. ते सिनेमाला कपडे बघायला जात. या सवयीवरूनच त्यांना हे नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे.

धारवाडच्या सुभाष रोडवर आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि त्याला लागून असलेल्या गल्लीत मास्तरांचं शिलाईचं. शाळांचे गणवेश, पोलिसांच्या खाकी चड्ड्या, बायकांचे ब्लाउज, सगळं शिवत. पण मनातून ते स्वतःला कपडेपटाचा माणूस समजत. त्यांचे वडील एका फिरत्या नाटक मंडळीत कपडेपट सांभाळायचे. मंडळी बुडाली, वडील धारवाडात राहिले आणि मुलाच्या वाट्याला शिलाई मशीन आलं. राजाचा शेला कसा पडला पाहिजे, दासीच्या पदराला किती झोल हवा, हे मास्तर आम्हा मुलींना गणवेशाचं माप घेता घेता सांगत. मला ते 'तंगी' म्हणत. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा हुबळीला एक मोठा इंग्रजी चित्रपट लागला. कित्येक शतकांपूर्वीच्या स्कॉटलंडमधला एक शेतकरी राजाविरुद्ध उभा राहतो, त्याची कथा. मास्तरांनी तो पहिल्या आठवड्यात चार वेळा पाहिला. पाचव्या वेळी त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तिला आणि मला बरोबर घेऊन गेले. मी इंग्रजी संवाद पकडायला धडपडत होते. मध्येच त्यांना काहीतरी विचारायला गेले, तर त्यांनी एक बोळा काढला आणि म्हणाले, "सुम्म, गप्प बस की तंगी. त्याच्या कमरेकडं बघ."

मी कमरेकडे पाहिलं. "शिवलेलं नाही बघ ते," मास्तर हळूच म्हणाले. "एकच लांब कापड आहे. खाली निऱ्या, वर तोच पदर खांद्यावर. आपल्या अक्काच्या लुगड्याचा भाऊ आहे तो." नंतर तो प्रसंग आला, ज्यात ते शेतकरी रांगेत उभे राहून शत्रूच्या सैन्याकडे पाठ करतात आणि कपडे वर उचलतात. थिएटर हसून कोसळलं. अक्काने पदर तोंडावर घेतला. मास्तर मात्र पुढे झुकून बघत होते. "एका हाताने सगळा घोळ वर गेला," ते म्हणाले. "म्हणजे निऱ्या चार बोटांच्या, आणि पट्टा नुसता आवळलेला."

परतताना बसमध्ये मी त्यांना गोष्ट सांगायला लागले, तर त्यांना ती जवळजवळ सगळी कळलेली होती. कोणता सरदार फितूर होणार हेसुद्धा त्यांनी पहिल्याच खेळात ओळखलं होतं. कसं, विचारलं, तर म्हणाले, "लढाईतून आला तरी त्याच्या कपड्याला चिखल नव्हता. तिथंच मला शंका आली." नायकाला शेवटी हाल करून मारतात तेव्हा मात्र त्यांनी बोळे काढले होते. तो माणूस ओरडला ते त्यांना ऐकायचं होतं. इंग्रजी एक शब्द येत नसताना ते अर्धी वाट डोळे पुसत होते.

त्याच हिवाळ्यात हुबळीच्या एका मराठी मंडळाने कॉलेजांची एकांकिका स्पर्धा जाहीर केली. मी त्या बंडखोरावर चाळीस मिनिटांची एकांकिका लिहिली आणि स्वतःच बसवायला घेतली. चौदा मुलं, सगळे स्कॉटलंडचे शेतकरी. मुलांनी घरून चौकटीच्या लुंग्या आणल्या. मास्तर तालमीला आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे लढायला निघालेत का आंघोळीला?"

दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून हुबळीच्या वाटेवरच्या अमरगोळच्या मार्केट यार्डात गेले. तिथले हमाल पावसाळ्यात डोक्यावरून काळी कांबळी घेतात. हिवाळ्यात ती पडून असतात. मास्तरांनी त्यांच्याकडून चौदा कांबळी मागून आणली. त्यांना मिरच्यांच्या पोत्यांचा वास इतका भिनला होता की पहिल्या तालमीत आमचं अख्खं सैन्य शिंकत होतं. मास्तरांनी ती आठ दिवस उन्हात टाकली, झटकली, आणि मग एकेका मुलाला जमिनीवर आडवं झोपवून निऱ्या घालायला शिकवलं. आधी कांबळं अंथरायचं, त्यावर निऱ्या घालायच्या, त्यावर झोपायचं, पट्टा आवळायचा आणि उठायचं. उठल्यावर तो मुलगा वेगळाच दिसायचा. खांदे आपोआप मागे जायचे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कपडा नटाला चालायला शिकवतो.

ती तीन आठवड्यांची मेहनत सगळी त्यांची होती. मी वहीत लिहून घेत होते, बस्स.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर धुतलेला पांढरा कोट घालून आले. लग्नाकार्यालाही मी त्यांना कधी कोटात पाहिलं नव्हतं. रंगभूषेच्या खोलीबाहेर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तंगी, एक काम आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "परीक्षक म्हणून जे सर आलेत, ते धारवाडात नवी नाटक मंडळी उभी करताहेत. कपडेपटाला माणूस लागेल. त्यांना एकदा माझं नाव सांग. कांबळी मी केली, एवढंच. पुढचं मी बोलतो."

"सांगते की मास्तर," मी म्हणाले. "त्यात काय!"

एकांकिका रंगली. वेशभूषेचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. परीक्षकांनी मला मंचावर बोलावलं आणि माईकवरच विचारलं, "शिलाई न करता हा वेश उभा करायची कल्पना कुणाची? कुणी केलं हे?"

मी विंगेकडे पाहिलं. मास्तर तिथे उभे होते. तोंडात दोन टाचण्या होत्या, कारण शेवटच्या प्रवेशात एका मुलाचा पदर सुटला होता. समोर चारशे माणसं होती. पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते, आणि मुलीने नाटक करण्याला त्यांचा विरोध होता. हे सगळं मी नंतर कारण म्हणून जुळवलं. त्या क्षणी माझ्या मनात यातलं काही नव्हतं. मला फक्त ती शाबासकी हवी होती, पूर्ण.

"माझी, सर," मी म्हणाले. "बरंच वाचन केलं, आणि स्वतःच करून पाहिलं."

टाळ्या पडल्या. सरांनी पुढे वेशभूषेचं शिक्षण घेण्याचा सल्ला दिला आणि शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं. मी विंगेत आले तेव्हा मास्तर खाली बसून कांबळ्यांच्या घड्या घालत होते, कारण ती दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. त्यांनी मान वर केली नाही. शेवटची घडी घालून म्हणाले, "गडबडीत विसरलीस वाटतं."

मला अजूनही वाटतं, ते मला निसटायला वाट करून देत होते. मी ती लगेच घेतली. "हो मास्तर. गडबडीत राहूनच गेलं. मी सरांना पत्र लिहिते."

"लिही," ते म्हणाले.

ते पत्र मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शिफारसपत्राचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला होता. मी पुण्याला शिकायला गेले, तिथून मुंबईला. ऐतिहासिक मालिकांची वेशभूषा हेच माझं काम झालं. मुलाखतीत सुरुवात कशी झाली हा प्रश्न हटकून येई आणि मी अमरगोळच्या कांबळ्यांची गोष्ट रंगवून सांगे. त्या गोष्टीत सायकलवरून मीच जायची. मास्तरांच्या गल्लीत तयार गणवेश विकणारी दोन दुकानं आली. मास्तर जुन्या पॅंटी आखूड करून देत राहिले. सणाला धारवाडला गेले की मी त्या गल्लीतून न जाता मागच्या रस्त्याने घरी जात असे.

चार वर्षांपूर्वी अक्का गेल्याचं कळलं. मास्तर मुलीकडे, हुबळीजवळ उणकलला राहायला गेले होते. तिथल्या तळ्याकडून आत गेलं की नव्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत, तिसऱ्या मजल्यावर. मी गेले. ते खूप वाळले होते, पण मला आवाजावरून ओळखलं. मुलगी चहा करायला आत गेली तेव्हा मी सगळं बोलून टाकलं. विसरले नव्हते, मुद्दाम खोटं बोलले, पत्रही लिहिलं नाही, पुढेही खोटंच सांगत आले. बोलताना मी रडले.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं. मी काय बहिरा होतो? माईकवर बोललीस तू." माझ्याकडे वळून म्हणाले, "आत्ता कशाला सांगतेस? तुला हलकं वाटावं म्हणून?"

मी नव्या मालिकेच्या नामावलीत त्यांचं नाव घालते म्हणाले. माझ्या नावाच्या वर.

"नको. हवं होतं तेव्हा हवं होतं," ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे बघत, "चहा घेऊन जा. उन्हाची आलीस."

जिना उतरताना मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांनी नको म्हटल्यामुळे आता कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसं वाटलं हे खरं. त्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. मुलीचा फोन आला तेव्हा माझं चित्रीकरण चालू होतं आणि मी गेले नाही.

गेल्या वर्षी पुण्यात एका कार्यशाळेत मुलांनी विचारलं, तुमचे गुरू कोण? त्या दिवशी पहिल्यांदा मी खरी गोष्ट चारचौघांत सांगितली. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मग त्या परीक्षकांना सांगितलंत का?"

मास्तर गेल्यावर मला हे कधी सुचलंच नव्हतं. सर पुण्यातच असतात. वय झालंय, पण स्मरण तल्लख. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांना ती एकांकिका आठवत होती. कांबळीही आठवत होती.

"त्या मंडळीसाठी मी वर्षभर कपडेपटाला माणूस शोधला," ते म्हणाले. "धारवाडात मिळेना. शेवटी बाहेरून एकाला आणला, त्याचं मन रमलं नाही, तो निघून गेला." त्यांनी चष्मा काढला. "तो माणूस तिथंच होता म्हणतेस? त्या दिवशी?"

"हो सर. विंगेत."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी तर तुला विचारलं होतं गं," ते म्हणाले.