पाठीवर घेतलेलं ऊन

माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मांस वाढलं होतं. नाकाकडून निघून ते हळूहळू बुबुळाकडे सरकत होतं. गोंदियाला ऑपरेशन करून ते काढलं. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी उन्हात काळा चष्मा लावायला सांगितला आणि मी तो इमानेइतबारे लावला. चिखलात वाकून काम करतानाही लावला, बाया हसल्या तरी लावला. आणि वर्ष फिरायच्या आत ते मांस परत हजर! मला असा संताप आला की घरातला आरसाच भिंतीकडे तोंड करून ठेवला.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, यात तुमची काही चूक नाही. पावसाळा सरला की पुन्हा काढू, तोवर ऊन आणि धूळ सांभाळा. बुबुळाच्या मधोमध पोचलं तर नजर जाईल.

घरी मोठ्या जाऊबाईंनी हे ऐकलं आणि फर्मान काढलं, "यंदा तू रोवण्याले येऊ नको. घरी राय, रांध."

रोवणा म्हणजे धानाची लावणी. लग्न होऊन आले तेव्हा मला ती त्यांनीच शिकवली आणि तेव्हापासून ओळीत आम्ही दोघी शेजारी. परे, म्हणजे धानाची रोपं, लावता लावता त्या अख्ख्या गावाची उणीदुणी काढत आणि मी हसून हसून कंबर धरत असे. डोळ्याची भीती होतीच, पण ओळीतली जागा गेली याचं दुःख जास्त झालं. मी धुसफुसत भात रांधला. भाजीत मीठ जास्त पडलं ते मुद्दाम नव्हतं, असं मी अजूनही सांगते.

मग एका सकाळी, चांगली उघाड पडली असताना, जाऊबाई चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "चाल वं. कायले फुगून राहिली? चष्मा घे."

शेतात पोचलो तर साऱ्या बाया पश्चिमेच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, उभ्या. आमच्या घरी रोवणा पूर्वेच्या धुऱ्यावरूनच सुरू होतो. दिवंगत सासूबाईंचा तो दंडक, आणि जाऊबाई त्यात तसूभर बदल होऊ देत नसत. लावताना त्या धुऱ्याकडे तोंड करून मागे मागे सरकायचं असतं. त्यामुळे सकाळभर ऊन तोंडासमोर आणि पाण्यातली चमक थेट डोळ्यात.

"बाई, इकडून?"

"तिकडून लावलं त तुह्या डोळ्यात ऊन जाते."

"पण सासूबाईंचा नेम?"

"म्हातारीले मी वर गेल्यावर सांगीन. तू वाक."

मी वाकले. ऊन पाठीमागे होतं, समोरचं पाणी शांत होतं. जाऊबाई शेजारी होत्या. मला फार बरं वाटलं.

ऊन चढल्यावर एक बाई कुरकुरली, "पाठ भाजून राहिली न वं."

"भाजू दे," जाऊबाई खेकसल्या. "पाठीले तेल लावता येते."

डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, आणि नंतर ते मांस पुन्हा येईलही. त्या संध्याकाळी मी जाऊबाईंच्या पाठीला तेल चोळत होते. पोलक्याखालची कातडी लालभडक झाली होती. माझा हात हलका पडला.

"जोरानं चोळ," त्या म्हणाल्या. "उद्याही पश्चिमेकडूनच लावायचं आहे."