आत्याचा तंबोरा

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींत लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टकं माझी आत्याच म्हणते. यंदा माझ्या भाचीचं लग्न पुण्यात ठरलं आणि आत्याचे गुडघे प्रवासाला तयार होईनात. म्हटलं, मग घरीच रेकॉर्ड करू! नवा माइक आणला, रेकॉर्डिंगचं मशीन आणलं, पण केबल मात्र घरात पडलेली गिटारची लावली. हेडफोनमध्ये अखंड घूंऽऽ! आत्या सुरेल गायली, पण ऐकताना वाटायचं, मांडवात कूलर लावलाय.

माझं टाळकंच सटकलं. तसाच फ्रीगंजच्या बाजारात गेलो आणि खास माइकसाठीची, तीन पिनांची केबल घेऊन आलो. ती लावली आणि अहाहा! घूं गायब. आत्याच्या बांगड्यांची किणकिणसुद्धा स्वच्छ! मी खोलीभर नाचलो.

आत्यानं पुन्हा हेडफोन चढवला, आ लावला आणि थांबली.

"अरे, तंबोरा का बंद केलास? मघाशी बढिया सूर लागला होता!"

मी कपाळाला हात लावला. मग जुनी केबल मशीनच्या दुसऱ्या भोकात खोचली आणि तिची घूं फक्त आत्याच्या कानात सोडली, रेकॉर्डिंगमध्ये नाही. आत्यानं डोळे मिटले आणि एका दमात सगळी मंगलाष्टकं म्हटली.

रेकॉर्डिंग ऐकून भाचीचा फोन आला, "आत्याआजी, तंबोऱ्याशिवाय इतकी सुरात?"

"होता की तंबोरा," आत्या ठसक्यात म्हणाली. "तुला ऐकू येत नाही, एवढंच!"