पिळायचं नव्हतं ते लिंबू

आमची आक्का सव्वीस वर्षं एकाच हॉटेलात स्वयंपाक करते आणि मी, तिचा धाकटा भाऊ, तितकीच वर्षं तिनं केलेलं टेबलांवर नेऊन देतो. माझं वय चोपन्न, पोट पुढं आलंय, तरी भटारखान्यात मी अजून बारक्याच. आक्का बोलते कमी. बोलली की मात्र समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

यंदा मालकांच्या डोक्यात वाइनचं खूळ शिरलं. कुठल्या पदार्थासोबत कुठली वाइन, ते मेन्यूत छापायचं म्हणे. "वाइनवाले एक व्यापारी येऊन चाखतील. त्यांना पटलं तर ठीक, नाही तर मी मोठ्या हॉटेलातला शेफ आणतो," ते आक्काला म्हणाले. सव्वीस वर्षांनी हे ऐकवायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आक्कानं फक्त विचारलं, "बाटली कुठंय?"

पांढरी वाइन होती, गोडवा अजिबात नसलेली, ड्राय म्हणतात ती. आक्कानं उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. चमच्यात ओतून जिभेवर घेतली, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा घेतली.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"झालं कल्याण."

"गप रे. जिथं लिंबू चालतं तिथं ही चालेल."

मग आठ दिवस ती चमचा घेऊन पातेल्यांभोवती फिरत होती. शिंपल्यांशी वाइनचं जमलं, सायीतल्या कोंबडीशीही जमलं. गोड सॉसमधल्या मटणापुढं मात्र बाईसाहेब रुसल्या, नुसत्या आंबट लागायला लागल्या. तिखटानं तर तोंड आणखीच पेटलं. शेवटी लोण्यात परतलेला मासा ठरला.

व्यापारी दुपारी आले, मालक त्यांच्या शेजारी बसले. आक्कानं दोन ताटं माझ्या हातात दिली. बघतो तर माशावर नेहमीचं लिंबूच नाही. बिचारी घाबरून विसरली, असं मला वाटलं. दाराआड थांबून मी दोन्ही ताटांवर अर्धं अर्धं लिंबू पिळलं आणि बहिणीची लाज राखली म्हणून मिशीवरून हात फिरवून बाहेर गेलो.

व्यापाऱ्यांनी घास घेतला, वर घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. "मासा उत्तम. वाइन मात्र पाण्यासारखी लागतेय." मालकांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

मी धावत आत जाऊन सांगितलं. आक्कानं हातातला झारा खाली ठेवला. "लिंबू पिळलंस?"

"तू विसरलीस म्हणून..."

"अरे, आज वाइन हेच लिंबू होतं."

तिनं पदराला हात पुसले आणि स्वतः बाहेर गेली. "लिंबू माझ्या हातून जास्त पडलं. दुसरा मासा देते," ती म्हणाली. हे काही मला ऐकवेना.

"तिनं नाही, मी पिळलं. तिला न विचारता," मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दुसरा मासा गेला तो लिंबाशिवाय. व्यापाऱ्यांनी घास घेतला, घोट घेतला, पुन्हा घास घेतला आणि ताट स्वच्छ होईपर्यंत मान वर केली नाही. मग मालकांना म्हणाले, "मेन्यू या बाईंकडूनच करून घ्या." मालक म्हणाले, "मी कधी नाही म्हटलं?" आता या माणसाला काय म्हणावं?

भटारखान्यात आल्यावर मी आक्कापुढं कान पकडले. "आजपासून तुझ्या ताटाला बोट लावणार नाही."

"लाव की," ती तवा घासत म्हणाली. "मीठ मी नेहमी चिमूटभर कमीच घालते. तू दाराआड घालतोस ते धरून. लिंबाचं तेवढं माझ्या ध्यानात आलं नाही."

दाराआडचं माझं मीठ जगात कुणालाही माहीत नाही, अशी इतकी वर्षं माझी समजूत होती. मला भरून आलं. मी तोंडावर पाणी मारलं आणि चार नंबरच्या टेबलाची ताटं उचलायला गेलो.